खिडक्या नसलेल्या खोल्या

विश्वाच्या मूळ घटकांना, मोनाडांना, खिडक्याच नसतात आणि त्यांच्यात मेळ ईश्वर घालतो, असं तत्त्वज्ञ लाइब्निट्सने 1714 मध्ये मांडलं. संगणकातल्या प्रोसेसही, म्हणजे चालू प्रोग्राम, अशाच बंदिस्त. एकीला दुसरीची मेमरी सहसा दिसत नाही. 1983 च्या 4.2बीएसडी युनिक्सने त्यांना बोलायला सॉकेट दिलं.

एकाच यंत्रावर मध्यस्थ असतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनक्समध्ये समोरची प्रोसेस कोणत्या वापरकर्त्याची, हे तोच खात्रीने सांगतो.

नेटवर्कवर असा सर्वसाक्षी नाही. टीसीपी हे तिथलं संवादतंत्र तीन निरोपांत जोडणी करतं, पोच न आल्यास मजकूर पुन्हा पाठवतं. पण आलेली पोच समोरच्या टीसीपीची. प्रोग्रामने तो मजकूर वाचला, याची नव्हे!

मग दुसऱ्याला आपलं कळलं, हे कधी मानायचं? लाइब्निट्सचा ईश्वर इथे नाही. म्हणूनच पैशांच्या व्यवहारात प्रोग्रामला समोरच्या प्रोग्रामकडून वेगळी कबुली मागावी लागते.