परत ऐकलेला निरोप

जोयडा तालुक्यात जंगलाच्या कडेला एक पाडा होता. तिथलं एक कुटुंब भाताबरोबर कंदही लावी: कणगर, कोनफळ, करांदे. घरातले आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. घाट उतरण्याआधी गाड्यांचे ब्रेक जिथे तपासतात, ते कॅसलरॉक आणि तशीच एकेरी मार्गावरची स्टेशनं यांत त्यांचा जन्म गेला होता. नात विमानांना वाट दाखवण्याचं काम शिकत होती. प्रयागराजच्या प्रशिक्षण महाविद्यालयातून ती सुट्टीवर आली होती.

जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरायचा होता. मांडणीचं काम नातीनं अंगावर घेतलं. काका लांबच्या मळ्यात राही. तिथे रेंज फक्त टेकाडावर. संध्याकाळी तो टेकाडावर चढला तेव्हा कुठे फोन लागला.

"काका, नमुन्याला सात किलो कणगर काढून ठेव."

"साठ किलो? बरं बाय, परवापर्यंत काढतो."

तेवढ्यात अंगणात मांडवाचा माणूस आला. त्याला बांबू कुठे टाकायचे ते खुणेनं दाखवत ती फोनवर "हो, हो" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दोन दिवसांनी काका-काकू टेम्पो घेऊन दारात उभे. टेम्पोत साठ किलो कणगर! बियाण्यासाठी राखलेले वेलसुद्धा खणले होते. घाईत कितीतरी कंदांना कुदळ लागली होती, आणि चिरलेला कंद पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

"मी सात म्हणाले होते," नात म्हणाली.

"आणि मी साठ म्हणालो होतो. तू हो म्हणालीस," काका म्हणाला. काकूनं काहीच न बोलता हाताचे फोड दाखवले.

दोघंही खरंच बोलत होती, त्यामुळे भांडण मिटेना. शेवटी आजोबा नातीला म्हणाले, "तू काय सांगितलंस ते कळलं. त्यानं परत काय म्हटलं, ते तू ऐकलंस का?"

नात गप्प झाली.

"आमच्या एकेरी मार्गावर," आजोबा सांगू लागले, "नुसत्या शब्दावर गाडी सुटत नसे. पुढच्या स्टेशनानं संमती दिली की आमच्या यंत्रातून पोलादी गोळा निघायचा. तो ड्रायव्हरच्या हातात पडला तरच गाडी पुढे जायची. पुढच्या स्टेशनाशी टेलिफोनवर बोलताना संमतीची खूण म्हणून खासगी नंबर द्यायचा, समोरच्यानं तो परत म्हणायचा आणि दोघांनी वहीत लिहायचा. समोरच्या मास्तरला मी वीस वर्षं ओळखत असलो तरी नंबर परत ऐकल्याशिवाय फोन ठेवत नसे. तुमच्या विमानाच्या हातात गोळा कसा देता?"

"गोळा नाही देता येत, आजोबा," नात म्हणाली. "आम्ही वैमानिकाला उंची सांगतो, ती त्यानं परत म्हणून दाखवायची. तोच आमचा गोळा." आणि बोलता बोलता परीक्षेसाठी पाठ केलेलं एक प्रकरण तिला आठवलं.

१९ फेब्रुवारी १९८९. फ्लाइंग टायगर कंपनीचं ६६ क्रमांकाचं मालवाहू बोइंग ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरला निघालं होतं. ते सुबांग विमानतळावर उतरायला आलं, तेव्हा नियंत्रकानं त्याला २,४०० फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं. पण आकडा त्यानं सुटा सुटा उच्चारला: 'टू फोर झीरो झीरो'. 'दोन हजार चारशे' असं हजार-शेकड्यांत सांगितलं असतं तर घोटाळ्याला जागा उरली नसती. वैमानिकांनी त्यातला पहिला 'टू' हा 'पर्यंत' या अर्थाचा घेतला आणि उत्तर दिलं, "ओके, फोर झीरो झीरो." म्हणजे ४०० फूट. चूक तिथे उघडपणे बोलली गेली होती. नियंत्रकानं ती खोडली नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र विमानात ओरडत होतं, तरी विमान खाली येतच राहिलं आणि डोंगराला धडकलं. आतले चौघेही गेले.

"परीक्षेत मी लिहिलं होतं की चूक वैमानिकांच्या ऐकण्यात झाली," नात सावकाश म्हणाली. "पण त्यांनी तर आपण काय ऐकलं ते सांगून टाकलं होतं. चूक दुरुस्त करायची शेवटची संधी नियंत्रकाच्या कानाशी आली होती."

"काकाचीही तुझ्या कानाशी आली होती," आजोबा म्हणाले. "टेकाडावरच्या माणसाला रेंज अपुरी असते, विमानातल्या माणसाला हजार कामं असतात. ते चुकीचं ऐकणारच, हे धरून चालायचं. म्हणून तर परत म्हणायला लावायचं. आणि ते परत म्हणत असताना आपण बांबू मोजत बसलो, तर म्हणायला लावून उपयोग काय?"

नातीनं वाद सोडला. मेळ्यात नमुन्याला सात किलो ठेवून बाकीचे कंद तिनं स्वतः उभं राहून विकले. आलेल्या पैशांतून तिथल्याच कुणबी शेतकऱ्यांकडून काकासाठी न चिरलेलं बियाणं घेतलं. ते घेतानाही विकणाऱ्यानं वजन परत सांगितलं, तेव्हा त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत ती थांबली आणि मगच हो म्हणाली.

तात्पर्य: निरोप सांगितला म्हणजे सांगणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. समोरच्याच्या तोंडून तो परत ऐकावा आणि चुकला असेल तर तिथल्या तिथे सुधारावा. न ऐकता दिलेला होकार म्हणजे दुसऱ्याच्या चुकीवर आपण केलेली सही.