माथेराननं कुणासाठी थांबायचं?

‘माथेरान अजून आहे तसंच आहे’ हे तिथं वारंवार जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांचं आवडतं वाक्य. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची, पुढे मोटारीला मज्जाव. मग तांबडी माती, लिदीचा वास, चिक्कीची दुकानं आणि पिशवीवर झडप घालणारी माकडं. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस हा डोंगरमाथा पडला, १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळहून छोटी गाडी वर आली आणि २००३ मध्ये केंद्र सरकारनं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तेव्हा ‘आहे तसं राहू द्या’ ही मागणी रास्तच वाटते. घरातल्या तीन पिढ्या घेऊन गेलं, की ती नेमकी कुणाची मागणी आहे हे उघड होतं.

आजीची तर नसतेच. माझ्या आईला शार्लट लेक, पॅनोरमा पॉइंट यांचं आता काही पडलेलं नाही. हॉटेलच्या व्हरांड्यात पत्त्यांना गडी जमले की तिची सहल सुरू होते. मुलांचीही नसते. माथेरान पूर्वी कसं होतं याच्याशी त्यांना कर्तव्य नाही, आणि ‘इथं पूर्वी...’ असं कुणी सुरू केलं की ती पुढे पळतात. प्रत्येक वळणावर ‘इथं पूर्वी’ म्हणणारे आपण, मधले. बुकिंग आपण करतो, बिल आपण भरतो, म्हणून सहलीचा नकाशाही आपल्या लहानपणाचा असतो. तेच हॉटेल, तीच खिडकी, सूर्यास्ताला तोच कडा. स्मरणरंजन हा प्रामुख्यानं मधल्या पिढीचा छंद आहे आणि त्याची हौस भागवताना आपण आईचं नाव पुढे करतो.

अडचण येते ती आईच्या गुडघ्यांपाशी. नाक्यापासून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर, तीही चढउतारांची. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकाहून शटल गाडी मिळते, पण गर्दीच्या दिवसांत तिकीट मिळेलच असं नाही. शिवाय ही गाडी पावसाच्या मर्जीवरची. २०१९ च्या अतिवृष्टीत रूळ उखडल्यावर नेरळहून वर येणारी गाडी पुन्हा धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. घोड्यावर बसण्याचं आईचं वय उरलं नाही. त्या वेळी उरली ती हातरिक्षा: पुढे एक माणूस ओढणारा, मागून ढकलणारे. चढावर त्यांचा श्वास ऐकू यायला लागला तशी आई दांडा घट्ट धरून गप्प बसली. शेवटी न राहवून म्हणाली, “अहो, उतरू का मी जरा?” ओढणारा म्हणाला, “बसा आई, हे रोजचंच आहे.”

मोटारबंदीनं भार नाहीसा होत नाही. तो माणसांच्या खांद्यावर आणि जनावरांच्या पाठीवर जातो. आपल्या बॅगा, हॉटेलचा भाजीपाला, बांधकामाच्या विटा असंच वर येत राहिलं. आपण ज्या शांततेचं कौतुक करतो तिचे कष्ट दुसऱ्यांनी उपसले. म्हणूनच २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं ई-रिक्षांना प्रायोगिक परवानगी दिली तेव्हा ‘माथेरान संपलं’ अशी जी हळहळ आमच्यासारख्यांत उमटली, ती मला पटली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं त्यापुढे जाऊन हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ती ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील अशी योजना आखा, असं राज्य सरकारला बजावलं. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी हे सांगावं लागलं, याची लाज खरं तर आपल्याला वाटायला हवी.

आज ई-रिक्षा, उद्या मोटार, ही भीती मात्र अगदीच पोकळ नाही. एकदा गुळगुळीत रस्ता झाला की त्यावरून काय धावेल, याचा भरवसा कोण देणार? घोडेवाल्यांचा विरोधही पोटाचा आहे आणि माझ्या आठवणींपेक्षा त्याचं वजन नक्कीच जास्त. पण रेघ ओढता येते. न्यायालयानंही पेव्हर ब्लॉकला मुख्य रस्त्यापुरतीच मुभा दिली. आतल्या वाटा आणि पायवाटा मातीच्याच ठेवायला सांगितल्या. हे मला मान्य आहे. आईला लुईझा पॉइंट यापुढे दिसणार नाही, आणि तिथवर तिच्यासाठी फरशा टाकाव्यात असं तिचंही म्हणणं नाही. बाजारपेठेपर्यंत मात्र कुणाचा दम न काढता पोचता आलं पाहिजे.

या सगळ्या वादात माथेरानमध्येच राहणाऱ्या आज्या फारशा कुणाला आठवत नाहीत. आपण जोडून आलेल्या सुट्टीत जातो; त्यांना भर पावसातही तोच चिखल तुडवून नाक्यापर्यंत यावं लागतं, आणि त्यांच्या नातवंडांना शाळा गाठावी लागते. ई-रिक्षा किती असाव्यात, कोणत्या वेळी धावाव्यात, भाडं किती असावं, हे ठरवताना आधी त्यांना विचारावं. आमच्यासारख्या पाहुण्यांचं मत त्यानंतर घेतलं तरी चालेल.