साहेबांना आडून बोललेलं कळत नाही

कामोठे हे सिडकोने वसवलेलं नोकरदारांचं गाव. मानसरोवर स्थानकातून सकाळी निघालेली माणसं बेलापूर, वाशी, ऐरोलीच्या ऑफिसांत पांगतात, काही जण रस्त्याने तळोजा एमआयडीसी गाठतात. तिथे दिवसभर ती एक काम करतात, ज्याचा उल्लेख कुणाच्याच नेमणूकपत्रात नसतो. समोरचा जे बोलला नाही, ते ओळखायचं.

‘रिपोर्ट शुक्रवारपर्यंत होईल?’
‘बघतो, सर.’

ऑफिसात मुरलेल्या कानाला यात नकार ऐकू येतो. फार तर ‘सोमवारी विचारा’ एवढी आशा. आता समजा, विचारणारा टीम लीड ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, आहे. बघतो म्हणाला म्हणजे बघेल, असं धरून तो निश्चिंत होतो. शुक्रवारी रिपोर्ट येत नाही. मीटिंगमध्ये तो सपाट आवाजात विचारतो, ‘तू बघतो म्हणाला होतास. काय बघितलंस?’ त्याला खरोखरच माहिती हवी आहे. पण खोलीतल्या सगळ्यांना तो जिव्हारी लागणारा टोमणा वाटतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ‘साहेब फार खडूस आहेत’ हे सर्वत्र पसरलेलं असतं आणि साहेबांना त्याचा पत्ता नसतो.

इथे गैरसमज एक नाही, दोन आहेत. त्याला टीम कळली नाही, हे सगळ्यांना दिसतं. टीमलाही तो कळला नाही, हे मात्र कुणी मोजत नाही.

संशोधनानेही बराच काळ पहिलीच बाजू मोजली. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1975 साली छापलेल्या निबंधात दाखवलं होतं की, माणसं शब्दांपेक्षा जास्त अर्थ पोचवतात, कारण ऐकणारा संदर्भ जोडून घेईल असं दोन्ही बाजू गृहीत धरतात. मानसशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का हॅपे यांनी 1994 मध्ये थट्टा, उपरोध, बतावणी, मन राखण्यासाठी मारलेली थाप अशा प्रसंगांच्या छोट्या गोष्टी ऑटिस्टिक व्यक्तींना वाचायला दिल्या. पात्र असं का बोललं, एवढंच सांगायचं होतं. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या सोप्या चाचण्यांत पास होणाऱ्यांनीही इथे प्रसंगाला न जुळणारी कारणं दिली. निष्कर्ष ठरून गेला: यांना दुसऱ्याचं मन वाचता येत नाही.

2012 मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, हा निष्कर्ष उलटून पाहिला. बिगर-ऑटिस्टिक माणसांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे वाचता येतं? दोन प्रकारची माणसं समोरासमोर आली की अडचण दोघांच्या मध्ये तयार होते. ती एकाच्या डोक्यात शोधणं चूक. 2020 मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एडिंबरामध्ये कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्यांतून एक गोष्ट पुढे सांगवली. फक्त ऑटिस्टिक व्यक्तींच्या साखळीत ती फक्त बिगर-ऑटिस्टिकांच्या साखळीइतकीच नीट पोचली. तपशील जास्त गळले ते मिश्र साखळीत. पुढे 2025 मध्ये त्याच गटाने मोठ्या प्रमाणावर प्रयोग केला, तेव्हा मिश्र साखळ्या मागे पडल्या नाहीत. म्हणजे हा वाद मिटलेला नाही. पण ऑटिस्टिक माणसाला संवादच जमत नाही, हे जुनं गृहीतक दोन्ही प्रयोगांत टिकलं नाही.

आपल्याकडे तर ऑटिझमची दखलच अलीकडची आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण रोजगाराच्या हक्कांसाठी 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमापर्यंत थांबावं लागलं. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत ऑटिझमचा समावेश झाला आणि कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. निदानासाठी ‘इसा’ ही 40 बाबींची भारतीय मोजपट्टीही 2009 ची. आज ज्यांचं वय व्यवस्थापक होण्याचं आहे, त्यांच्या शाळेत ऑटिझम हा शब्दच पोचलेला नव्हता. ती मुलं ‘हुशार पण विक्षिप्त’ म्हणून पुढे गेली, गणितात, कोडिंगमध्ये, हिशेबात चमकली आणि बढती मिळून माणसं सांभाळायला बसली. अनेकांना स्वतःची ओळख पटते ती पोटच्या मुलाचं निदान होताना, डॉक्टरांच्या प्रश्नांना मनातल्या मनात आपलीच उत्तरं देत.

नोकऱ्या देणाऱ्यांच्या कल्पनेतही हा माणूस साहेबाच्या खुर्चीवर नाही. सॅप या जर्मन कंपनीने 2013 मध्ये ऑटिस्टिक व्यक्तींना नोकऱ्या देण्याचा जागतिक कार्यक्रम जाहीर केला. त्याआधीचा प्रयोग बंगळूरुच्या कार्यालयात सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामावर झाला होता. उपक्रम चांगलाच. पण चित्र ठरलं ते कोपऱ्यात बसून चुका शोधणाऱ्या माणसाचं. तोच उद्या रजा मंजूर करणारा साहेब असेल, याची तयारी कुणी केली?

अशा साहेबाला सल्ला मिळतो तो माणसं ओळखायला शिकण्याचा. तो शिकतोही. कोण ‘बरं’ म्हणताना खाली बघतो, कोणाचं ‘चालेल’ खरं, कोणाचं नाइलाजाचं, याच्या नोंदी मनात ठेवतो. घरी पोचेपर्यंत या सततच्या भाषांतराने तो पिळून निघतो. दुसरा उपाय जाहीर करण्याचा: ‘माझ्याशी स्पष्ट बोला.’ तो प्रामाणिक असला तरी अर्धवट आहे, आणि या लेखाचं खरं म्हणणं इथे आहे.

आडून बोलणं ही केवळ सवय नाही. ती हाताखालच्या माणसाची ढाल आहे. वरिष्ठाला ‘नाही’ म्हणण्याची किंमत पगारवाढीच्या वेळी मोजावी लागते, म्हणून माणूस ‘बघतो’ म्हणतो. म्हणजे उद्या खापर फुटलं तर ‘मी हो कुठे म्हणालो होतो?’ असं म्हणता येतं. तेव्हा स्पष्टपणा मागणाऱ्याने आधी तो स्वस्त केला पाहिजे. ‘होईल का?’ ऐवजी ‘कोणत्या तारखेला होईल आणि कशात अडेल?’ असं विचारावं. मीटिंगनंतर ठरलेलं चार ओळींत लिहून पाठवावं आणि दुरुस्त्या मागवाव्यात. पहिल्यांदा कुणी तोंडावर ‘नाही जमणार’ म्हणेल, तेव्हा त्याचं काहीही बिघडलं नाही, हे बाकीच्यांना दिसावं. साध्या कर्मचाऱ्याच्या हाती यातलं काही नसतं. व्यवस्थापकाच्या हाती असतं. बोलण्याचे नियम बदलण्याचा अधिकार ऑफिसात त्याच्याकडेच आहे. आणि हे नियम नव्याने रुजू झालेल्या, परप्रांतातून आलेल्या किंवा निव्वळ लाजऱ्या माणसालाही सोयीचे पडतात.

टीमही काही देणं लागते. सपाट आवाज म्हणजे राग नव्हे आणि डोळ्याला डोळा न भिडवणं म्हणजे लपवाछपवी नव्हे, एवढं शिकणं काही जड नाही.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण करावं लागतं आणि ते संकेतस्थळावर किंवा ठळक जागी लावावं लागतं. कामावर गेलात की आपल्या ऑफिसातलं ते धोरण मागून वाचा. त्यात रॅम्प आणि लिफ्ट असेल. मीटिंगमधले निर्णय लेखी देण्याबद्दल एखादी ओळ नसेल, तर ती घालायला सांगा.