रोजच्या वाटणीतले पुनरुत्थान

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, कलस्सैकरांस ३:१-१५



पुनरुत्थानदिनाच्या पहाटे आपण अंधारातच कबरस्तानात जमलो. आपापल्या माणसांच्या कबरांवर फुले ठेवली, आणि पूर्वेला उजाडत असता प्रभू उठला आहे अशी साक्ष एकमेकांस दिली. मग सोमवार आला. त्या सोमवारी बाजारात एकाच मंडळीतले दोन सभासद समोरासमोर आले आणि त्यांतील एकाने मान वळवून रस्ता ओलांडला. ही मंडळी कोणती ते आम्ही लिहीत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला आपलीच आठवेल अशी आम्हांस भीती वाटते.

रिकामी कबर यरुशलेमेबाहेर होती. ती आत जाऊन पाहिलेली माणसे थोडी. शहरातल्या इतरांना पाहावयास मिळाले ते एवढेच, की हे लोक एकत्र राहतात, एकत्र जेवतात, आणि आपल्यांत कोणास उणे पडू देत नाहीत. आणि नेमके तेथेच भांडण उपटले! लूकाने ते झाकून ठेवले नाही, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो.

भांडण भाकरीचे होते, आणि भाषेचेही होते. मंडळीत काही यहूदी त्या प्रांतातले, घरी अरामी बोलणारे होते. काही परदेशांत वाढलेले, ग्रीक बोलणारे होते. पुष्कळ यहूदी उतारवयात पवित्र नगरात येऊन राहत, तेथेच आपली माती व्हावी अशी त्यांची इच्छा असे, असे अभ्यासक सांगतात. नवरा वारला की मागे राहिलेल्या बाईचे नातेवाईक दूर समुद्रापलीकडे, आणि शेजारणीची भाषा धड येत नाही. रोजच्या वाटणीत अशा विधवा राहून जात. कोणी मुद्दाम वगळले असेल असे आम्हांस वाटत नाही. वाढणाऱ्याचा हात ओळखीच्या ताटाकडे आधी जातो, एवढेच. पण उपाशी राहणारीला त्याचे काय?

प्रेषितांनी काय केले ते पाहा. कुरकुर करू नका असे त्यांनी सांगितले नाही. सर्व शिष्यांना बोलावले, चूक मान्य केली, आणि सात माणसे निवडावयास लावली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत, आणि शेवटचा तर जन्माने यहूदीसुद्धा नव्हता. अंत्युखियाचा, मागाहून यहूदी झालेला. (ग्रीक नाव म्हणजे ग्रीक भाषकच असे नव्हे, बारा प्रेषितांतही फिलिप्प आणि अंद्रिया आहेत. तरी सातांतले सातही ग्रीक नावाचे निघावेत हे उगीच नसावे.) ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हाती कोठाराची किल्ली दिली गेली. आपल्या पंचकमेटीत असा ठराव कधी झाला आहे काय?

बेळगावात मराठीबरोबर कानडी, हैदराबादेत तेलुगू, बडोद्यात गुजराती. आपण स्वतः परभाषेत राहणारे लोक. विसरले जाणे म्हणजे काय हे आपल्याला कळावयास हवे. पण घरातल्या घरात आपण तेच करतो. तरुणांना इंग्रजी गीत हवे असते म्हणून वडीलधारे रागावतात. वडीलधाऱ्यांची उपासना लांबते म्हणून तरुण बाहेर उभे राहतात. आणि मागच्या बाकावर जी आजी बसते, जिला आता उपासना संगीतातील अक्षर दिसत नाही, तिला घरी पोचवावयास कोणी नसते.

याहून खोल गोष्टही बोलली पाहिजे. प्राचीन मंडळीत पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्मे होत. बाप्तिस्मा घेणारे जुनी वस्त्रे उतरवून पाण्यात उतरत, आणि वर आल्यावर पांढरी वस्त्रे घालून आठवडाभर मंडळीत वावरत. जुना मनुष्य उतरवून नवा धारण करण्याविषयी पौल कलस्सैकरांस लिहितो. तेथे ग्रीक, यहूदी, बर्बर, स्कुथी, दास हा भेद राहत नाही असे तो सांगतो. आपण मात्र जुना अंगरखा टाकून दिलेला नाही. घडी घालून पेटीत ठेवला आहे, आणि मुलामुलींच्या लग्नाची बोलणी निघाली की तो बाहेर येतो. "तुम्ही मूळचे कोण?" हा प्रश्न ख्रिस्ती घराच्या ओसरीवर चहा पिताना विचारला जातो. उत्तर मनासारखे नसले, तर मुलीचे शिक्षण, तिचा विश्वास, काहीच उपयोगी पडत नाही. मग त्याच रविवारी दोन्ही घरे प्रभुभोजनाच्या मेजाशी गुडघे टेकतात.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्याच भाषेतले आहे. त्यांचा जन्म ब्राह्मण घरातला. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून, आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून, त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या. कोणाची भाषा कोणती, जात कोणती, यावर तेथे आश्रय अडला नाही. त्या मुलींना पुनरुत्थान आधी पोटात कळले असेल, मग प्रवचनातून.

आणि वाटणीसाठी निवडलेल्या त्या सातांचे पुढे काय झाले? स्तेफन पहिला रक्तसाक्षी झाला. फिलिप्प शोमरोनात गेला, आणि गाझाच्या वाटेवर हबशी अधिकाऱ्याच्या रथात बसला. विधवांची ताटे नीट लागल्यावर, वचनाचा प्रसार झाला आणि याजकांतलेही पुष्कळ जण विश्वास ठेवू लागले, असे लूका लगेच पुढच्या वचनात लिहितो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एक विनंती. पुनरुत्थानानंतरच्या रविवारी हाच पाठ घ्यावा, आणि मुलांना विचारावे, गेल्या नाताळच्या कार्यक्रमात खाऊ कोणाला मिळाला नाही? मुलांना हे बरोबर आठवते. ती नावे सांगतील. ती कागदावर उतरवून घ्यावीत, आणि पंचकमेटीच्या पुढील सभेत, हिशेब वाचण्याआधी, वाचून दाखवावीत.