कृतीला वेगळी घंटा

प्राथमिक वर्गात मुलांकडून कृती का करून घ्यायची, याची दोन उत्तरे गेली नव्वदेक वर्षे एकमेकांत मिसळत आली आहेत. कृतीमुळे मुलांना शाळा आवडते, हे एक. दुसरे असे, की वर्गाने मिळून काही केले म्हणजे भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींना एकच जिवंत विषय मिळतो. पहिले उत्तर सोपे, म्हणून तेच टिकले. 2024 साली राज्याने ‘आनंददायी शनिवार’ आणला तो त्याच उत्तराच्या आधारावर. हेतूबद्दल तक्रार नाही. पण आनंदाला शनिवार नेमून दिला की सोमवार ते शुक्रवार कशासाठी, हेही न बोलता ठरून जाते. त्यात भर फोटोंची. बुलढाणा जिल्ह्यात काय किंवा इतरत्र काय, उपक्रम झाल्याचा पुरावा म्हणजे केंद्राच्या ग्रुपवर टाकलेला फोटो. रोप हातात धरून उभी असलेली मुले त्यात दिसतात; रोप जगले का आणि महिन्यात किती वाढले, हे कोणी विचारत नाही.

या कल्पनेचा आरंभ वादाचा नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मागितले. गिजुभाई बधेकांनी भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले, ताराबाई मोडक तिथे गेल्या, आणि पुढे बोर्डी-कोसबाडला ताराबाई व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. इथवर सगळ्यांचे एकमत आहे.

घोटाळा होतो तो वर्ध्यापाशी. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने डिसेंबरात अहवाल दिला. सर्वसाधारण समज असा, की या अहवालातली ‘नई तालीम’ म्हणजे टकळी, सूत आणि स्वावलंबी शाळा. यंत्रयुगात ती कालबाह्य झाली आणि पुढचा ‘कार्यानुभव’ ही तिची सुधारलेली आवृत्ती. हा समज दोन्ही टोकांना चुकीचा आहे.

समितीने साडेपाच तासांच्या शाळेत उद्योगाला 3 तास 20 मिनिटे दिली, हे खरे. पण अहवालात शिक्षणाची केंद्रे तीन आहेत: उद्योग, निसर्ग-परिसर आणि समाज-परिसर. बाकीचे विषय या तिघांशी जोडून शिकवायचे, हा समवायाचा विचार. कापूस वेचताना माती आणि पाऊस येतो, सूत मोजताना गणित येते, कपड्याचा हिशेब लिहिताना भाषा येते. शिवाय काम सगळ्या वर्गाचे, त्यामुळे चूकही सगळ्यांना दिसते आणि तिच्यावर बोलता येते. मुलांकडून जास्तीत जास्त माल काढून घेण्याच्या नादात शिक्षणाचा हेतू हरवेल, असा इशारा समितीने स्वतःच दिला होता. परिषदेत अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनीही कमाईच्या बाजूवर कडक आक्षेप घेतले होते. म्हणजे टीकाकार पुढे जे बोलले, ते योजनेच्या जन्मावेळीच बोलून झाले होते.

इशारा असूनही पैशाची बाजूच पुढे आली. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. रविशंकर शुक्लांची ‘विद्यामंदिर’ योजना याच प्रांतातली: शाळेसाठी जमीन दानात मिळवायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. चर्चा जमिनीची झाली, उत्पन्नाची झाली, ‘मंदिर’ या नावावरून तर चांगलाच वाद पेटला. वर्गात काय घडणार, हा प्रश्न मागेच राहिला.

मग 1964-66 चा कोठारी आयोग आला. त्याने मूलोद्योगाच्या, म्हणजे नई तालीमच्या, तत्त्वाला मान दिला आणि उद्योगप्रधान समाजासाठी त्याची नव्याने मांडणी म्हणून कार्यानुभव सुचवला. कागदावर हे तर्कशुद्ध होते. शाळेत मात्र कार्यानुभव हा वेळापत्रकातला एक तास झाला. 1977 नंतर ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे लांबलचक नाव आले, तरी तास तसाच राहिला. त्या तासात कागदी फुले व्हायची, घंटा वाजली की फुले कपाटात जायची आणि गणिताचे गुरुजी फळ्यावर उदाहरण लिहायचे. फुलांच्या पाकळ्या मोजायला कोणीही सांगितले नाही! नई तालीम कापसाच्या ओझ्याखाली दबून मेली, असे म्हणणारे ही घंटा विसरतात. कृती इतर विषयांपासून सुटली ती या वेळापत्रकामुळे. आजचा शनिवार या कार्यानुभवाच्या तासाचाच वारस आहे.

पुढचा प्रवास भराभर झाला. 2005 च्या राष्ट्रीय आराखड्याने ज्ञानरचनावाद रुजवला, शिक्षणहक्क कायद्याच्या 29 व्या कलमाने कृती, शोध आणि धांडोळा यांतून शिकण्याला कायद्याचे बळ दिले. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’मध्ये वर्गातली फरशी रंगली, काड्यांचे गठ्ठे आणि मण्यांच्या माळा आल्या. त्यातून अनेक मुले वाचू लागली, याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र साहित्य प्रत्येक मुलाच्या हाती आणि प्रगती प्रत्येकाच्या रकान्यात, अशी रचना झाल्याने वर्गाचा सामाईक अनुभव पुन्हा बाजूला पडला.

बुलढाणा जिल्ह्यात तर असा सामाईक अनुभव जागोजाग मिळतो. पूर्णेच्या खोऱ्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचे आणि नळाचे पाणी दोन ताटल्यांत उन्हात ठेवावे. मागे उरणारा पांढरा थर चौथीच्या वर्गाला क्षार म्हणजे काय ते सांगतो. साबणाला फेस किती येतो, हे पहिलीचे मूलही पाहू शकते. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र बसतात, ही एरवीची अडचण इथे सोय ठरते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचे भाकीत सांगितले जाते. मांडणीतल्या घागरीखालची मातीची चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. मुलांच्या घरी ते भाकीत ऐकलेले असतेच. सरळ बाजूंच्या बरणीला पट्टी चिकटवून शाळेने रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये नोंदवला, तर चार महिन्यांनी भाकिताशेजारी स्वतःचे आकडे मांडता येतात. कोणाच्या श्रद्धेची टिंगल करायची गरज नाही. बेरीज, आलेख आणि आजोबांशी झालेल्या बोलण्याचा वृत्तान्त एवढे पुरेसे आहे. लोणारच्या सरोवराचे पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झाले, तेव्हा करोनामुळे शाळा बंद होत्या. जवळच्या गावांतल्या मुलांना आजही ते मोठ्यांकडून ऐकून लिहिता येईल.

यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही आणि शनिवारही नको. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पाऊस तेव्हा सुरू झालेला असतो. केंद्रप्रमुखांनी या वर्षीच्या पहिल्या शिक्षण परिषदेत उपक्रमांचे फोटो मागू नयेत; प्रत्येक शाळेकडून पावसाची वही मागावी, मुलांच्या अक्षरातली, खाडाखोडीसकट.