पाठ केलेला बाजार

फोन दप्तरात ठेवा. ज्याला फिजिक्सच्या क्लासला पळायचं असेल त्यानं आत्ताच उठून जावं. मधूनच उठलेलं मला चालणार नाही.

गेल्या आठवड्यात स्मरणचित्राला विषय दिला होता, आठवडी बाजार. काल लातूरच्या वर्गाचे कागद तपासले, आज सकाळी तुमचे, नांदेडचे. दोन्ही गठ्ठे इथं टेबलावर आहेत. डाव्या कोपऱ्यात झाड. झाडाजवळ पाठमोरी बाई, डोक्यावर टोपली. मधोमध फुगेवाला, त्याच्याकडे हात करणारं पोर. उजवीकडे छत्रीखाली भाजीचं दुकान आणि मागे दोन डोंगर. कागदामागून कागद उलटत गेलो, तर तीच बाई, तोच फुगेवाला, पोराचा तोच हात. कुणाच्या साडीचा रंग हिरवा, कुणाच्या जांभळा, कुणी मध्येच बैल किंवा नदी घातलेली, एवढाच काय तो फरक. या बाईला मी चांगला ओळखतो. ती गाइडमध्ये राहते. तिला तुम्ही पाठ केलंत आणि इथं उतरवून मोकळे झालात.

याला स्मरणचित्र म्हणायचं? स्मरण कुणाचं? गाइड काढणाऱ्यानं कधीतरी कुठलातरी बाजार पाहिला असेल, त्याची आठवण त्यानं काढली. तुमची आठवण कुठं आहे? पंधरा वर्षांचे झालात. आईबरोबर पिशवी धरून बाजारात गेला नाहीत? मेथीची जुडी बांधणाऱ्या म्हातारीची बोटं पाहिली नाहीत? भाव ऐकून आईनं मान कशी फिरवली, तेही डोळ्यांत राहिलं नाही?

मागच्या बाकावर बसलेला तू, उभा राहा. तुझ्या आजोबांच्या दावणीला लाल कंधारी बैल आहेत, असं तूच मला सांगितलंस. माळेगावच्या यात्रेला तू दरवर्षी जातोस. घोडे, उंट, गाढवं, वळू, सगळं पाहतोस. आणि बाजारात तू बैल कुठला काढलास? पांढराशुभ्र, लांब शिंगांचा. अरे, तो खिलार. सांगोला-आटपाडीकडचा. चांगलं जनावर आहे, पण तुझ्या दारातलं नाही. तुझ्या दारात गडद तांबडा बैल उभा आहे. लातूरकडे देवणी आहे, पांढऱ्यावर काळे ठिपके, रुंद कपाळ, लोंबते कान. दोन्ही जाती आपल्या मातीतल्या. जगभरातून लोक येऊन त्यांचे फोटो काढतील, आणि ज्याच्या घरी त्या बांधल्यात त्याला गाइडमधला बैल दिसतो. मला याचा राग येत नाही रे, याचं वाईट वाटतं. बस खाली.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण, बीला पाच, सीला तीन. हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पालकही वर्गाच्या दारात पहिलं हेच विचारतात. 2025 च्या दहावीत राज्यात 211 मुलांना शंभर टक्के पडले, त्यातली 113 आपल्या लातूर विभागातली. म्हणजे लातूर, नांदेड, धाराशिव. त्या लेकरांनी रात्री जागवल्या असतील, त्यांचं कौतुक मलाही आहे. पण त्या टक्क्यांच्या हिशोबात चित्रकलेला तुम्ही सात गुणांची खुंटी करून टाकलंत. टांगायचं आणि निघायचं. गणिताला सूत्र पाठ केलं तर निदान गणित तरी सुटतं. चित्रात पाठ केलेलं उतरवलं की काहीच सुटत नाही. उलट डोळा आळशी होतो. समोर खरी बाई उभी असली तरी तो तिच्याकडे बघत नाही, त्याला आधीच माहीत असतं बाई कशी काढायची.

काल लातूरला एक मुलगी म्हणाली, सर, अजिंठ्याच्या चित्रांचीसुद्धा लोकांनी नक्कलच केली होती. प्रश्न चांगला होता, म्हणून तुम्हालाही उत्तर देतो. केली होती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत होते, ते काम 1885 पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. अंधाऱ्या लेण्यात, पोपडे निघालेल्या भिंतीसमोर ही मुलं बसायची. भिंतीवर बोट कसं वळलंय, पापणी कुठं मिटते, रंग उडालाय तिथं खाली काय आहे, हे बघून बघून कागदावर आणायची. त्यांच्यासमोर खरी भिंत होती, आणि ती दिसेपर्यंत ती पोरं हलली नाहीत. तुमच्यासमोर काय होतं? छापील पान, तेही दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये काढलेलं. ती लेणी आपल्याच मराठवाड्यात आहेत. सहलीला गेलात तेव्हा आत किती वेळ उभे राहिलात आणि बाहेर फोटो काढण्यात किती, हे तुमचं तुम्हाला माहीत आहे.

आणि ज्यांनी डोंगर काढलेत त्यांनी ऐका. कुठल्या बाजारामागे पाहिलेत ते दोन टोकदार डोंगर? लातूरचा बाजार म्हणजे गंजगोलाई. मधल्या गोल इमारतीपाशी उभं राहिलं की सोळा रस्ते सोळा दिशांना निमुळते होत जातात. यथार्थदर्शन शिकायला याहून चांगली जागा मी कुठं शोधू? लातूरच्या वर्गातलं एकही मूल तिथं उभं राहून कागद भरून आलं नाही. नांदेडकरांनी काय केलं? गोदावरीचा घाट दहा मिनिटांवर, आणि नदी निळी रंगवलीत. पावसाळ्यात गोदावरी निळी असते का? एकदा पुलावर थांबून बघा, मग ब्रश पाण्यात बुडवा.

हे कागद परत घेऊन जा. मी त्यांच्यावर ग्रेड लिहिलेली नाही. पुढच्या रविवारी प्रत्येकानं बाजारात उभं राहून काढलेली वीस रेखाटनं आणायची. लहान चालतील, वाकडी चालतील, खोडरबर लावलेली चालणार नाहीत. लातूरलाही हेच सांगितलंय.

आता पुढे या. हा तांब्या टेबलावर ठेवलाय. पेन्सिली खाली. आधी उभं राहून त्याच्या तोंडाकडे बघा, वर्तुळ उघडं दिसेल. आता हळूहळू गुडघ्यावर या. ते मिटत चाललंय बघा. डोळा काठाच्या रेषेत आला की नुसती एक रेषा उरेल. तिथं थांबा आणि मग तळाकडे बघा, तो अजून गोलच आहे. तुमच्यातले बहुतेकजण तळ पट्टीनं सरळ काढतात. तोंड मिटलं आणि तळ का मिटला नाही, हे ज्याला दिसेल त्यानंच पेन्सिल उचलायची. बाकीच्यांनी गुडघ्यावरच राहायचं.