खेळातील ताल आणि शेजारधर्म

खेळण्यात घालवलेला एक अख्खा दिवस देवाच्या हिशेबात कोणत्या रकान्यात मांडला जात असेल? आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर तयार असते: वाया गेलेल्या दिवसांच्या. आमचेही तेच होते. नाताळच्या सुट्टीत आमच्या गायनवृंदातील मुलामुलींना घेऊन आम्ही नागपूरला गेलो, त्या दिवसाने आमच्या या उत्तराला प्रथमच तडा दिला.

अमरावती धर्मप्रांतातील आमच्या वाशिम जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबे मोजकी आणि विखुरलेली. मुलांनी एकत्र यावे असे प्रसंग थोडे. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि नागपूर एका दिवसात जाऊन येण्याइतके जवळ आले. सकाळी मिस्सा, दुपारी शहर पाहणे आणि मग मुलांनी आधीपासून ठरवून ठेवलेला मॉलमधला खेळविभाग, असा बेत होता. हा शेवटचा भाग आम्ही वडीलधाऱ्यांनी नाराजीनेच मान्य केला होता.

तेथे मुलांचे पाय एका नृत्ययंत्राकडे वळले. तालावर खेळायचा हा प्रकार मूळचा जपानचा. कोनामी कंपनीने १९९८ मध्ये ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हे यंत्र काढले आणि पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियातून ‘पंप इट अप’ आले. आम्ही पाहिले ते या दुसऱ्या जातीचे. पायाखाली पाच चौकटी, चार कोपऱ्यांत आणि एक मध्यभागी. पाठीशी धरायला एक लोखंडी दांडा. समोरच्या पडद्यावर बाण खालून वर सरकतात आणि ते वरच्या स्थिर बाणांवर येतील त्याच क्षणी नेमक्या चौकटीवर पाय पडावा लागतो. सेकंदाच्या काही शतांशांचा फरक पडला तरी यंत्र तो टिपते आणि प्रत्येक पावलागणिक निकाल देते: परफेक्ट, ग्रेट, गुड, बॅड, मिस.

ताल ही आमच्या जिल्ह्याला परकी गोष्ट नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तेथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुले झालेले संग्रहालय ‘नंगारा’ या वाद्याच्याच नावाने ओळखले जाते. आमच्या उपासनेतही ढोलकी वाजते. परंतु ढोलकी वाजवणारा माणूस गाणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहतो; म्हातारे आवाज मागे पडले की तो हात किंचित आवरतो. यंत्राला डोळे नसतात. ते कोणासाठीही थांबत नाही. म्हणूनच ते आम्हांला निर्दय वाटले आणि त्याच्याभोवती जमलेली शहरातील तरुण मंडळी रिकामटेकडी.

आमच्याबरोबर एक मुलगा होता. लहानपणापासून त्याचा एक पाय अधू. गळा मात्र गोड. तो यंत्राजवळ जाऊन उभा राहिला तेव्हा आम्ही प्रेमानेच म्हणालो, “राहू दे रे, तुला त्रास होईल.” तो मुकाट्याने मागे सरकला. आम्हांला वाटले, आपण त्याची काळजी घेतली.

ज्याची पाळी होती तो घामाने निथळलेला तरुण हे पाहत होता. त्याने आपल्या कार्डावरून दोघांचे पैसे भरले आणि म्हणाला, “ये ना भाऊ, हळू गाणं लावतो. मागचा दांडा धर.” इतका वेळ विजेच्या वेगाने नाचणाऱ्या त्या तरुणाने सर्वांत सोपे, सर्वांत संथ गाणे निवडले आणि तो शेजारच्या चौकटींवर उभा राहिला. आमच्या मुलाची पावले चुकत होती. मध्येच चार-पाच लागोपाठ बरोबर पडली की रांगेत उभे असलेले अनोळखी खेळाडू टाळ्या वाजवीत होते. गाणे संपले. यंत्राने त्याला ‘डी’ श्रेणी दिली. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र आम्ही कधी पाहिला नव्हता.

त्या तरुणाने नेमके काय केले, याचा विचार आम्ही परतीच्या वाटेवर करीत होतो. त्याने नियम सैल केला नाही. यंत्राला ते करताच येत नाही. खोटी शाबासकीही दिली नाही. मिळालेली श्रेणी खरी होती. त्याने केवळ गाणे संथ निवडले आणि स्वतः शेजारी उभा राहिला. आमची दया दुबळ्याला खेळाबाहेर बसवणारी होती. त्याच्या दयेने त्याला खेळात घेतले. यांतील कोणती ख्रिस्ताच्या शिकवणुकीला अधिक जवळची, हे सांगायला धर्मपंडित नको.

संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात खेळाचा विचार केला आहे. ते तेथे एक कथा देतात. संत योहान शिष्यांसमवेत खेळत असल्याचे पाहून काही लोकांना धक्का बसला. तेव्हा संताने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले आणि विचारले, हे तुला अखंड करता येईल काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच होते, असे संत योहानांनी त्याला समजावले. अक्विनस यांच्या मते खेळात मर्यादा हा सद्गुण आहे, अतिरेक हा दोष आहे; आणि स्वतः आनंद न देता दुसऱ्याच्या आनंदात अडथळा आणणे हाही दोषच आहे. यापैकी अतिरेकावर आपण मुलांना पुष्कळ उपदेश करतो, आणि तो अनाठायी नाही. या यंत्रांवर पैसा आणि वेळ पाण्यासारखा जातो, हे खरेच आहे. शेवटचा दोष मात्र आपल्या गावीही नसतो. कराराच्या कोशापुढे नाचणाऱ्या दावीद राजाकडे खिडकीतून तुच्छतेने पाहणारी मीखल आपण वाचतो. खिडकीत आपणही उभे असू शकतो, हे ध्यानात येत नाही.

आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत ‘राहू दे’ म्हणून मागे सरकवलेली माणसे किती असतील? आवाज कापतो म्हणून गायनवृंदातून निवृत्त केलेले आजोबा, अडखळते म्हणून वाचनाला न बोलावलेली मुलगी. त्यांना आपण सहानुभूती देतो. पाळी देत नाही.

आमच्या गायनवृंदाचे गाणे आता थोडे संथ झाले आहे. एका वृद्ध मावशी पुन्हा पहिल्या रांगेत उभ्या राहू लागल्या आहेत. त्यांचा सूर अजूनही चुकतो आणि तो चुकला हे त्यांना आम्ही सांगतोही. त्या हसून पुन्हा तेच कडवे घेतात आणि आम्ही त्यांच्याबरोबर गातो.